पब्लिक अफेअर्सची इंटर्नशिप: बेलापूरमधले दोन महिने

राज्यशास्त्राच्या एम.ए.चे पहिले वर्ष संपल्यावर, २०२४ च्या मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, मी नवी मुंबईतल्या बेलापूरमधील एका छोट्या सल्लागार संस्थेत पब्लिक अफेअर्सची इंटर्नशिप केली. आईने पहिल्याच दिवशी विचारले, "म्हणजे तू पुढाऱ्यांकडे कामाला लागलीस का?" त्यावर मला धड हो म्हणता येईना आणि धड नाहीही म्हणता येईना. दोन महिन्यांत मी एकाही आमदाराला जवळून पाहिले नाही, पण शासन निर्णय (जीआर) मात्र शंभराच्या वर वाचले. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी एवढे प्रमाण आधीच लक्षात ठेवलेले बरे.

काम थोडक्यात असे असते. शासनाच्या एखाद्या निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो, अशा कंपन्यांना, उद्योजकांच्या संघटनांना किंवा गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांना तो निर्णय वेळेत आणि नेमका समजावून द्यायचा, आणि त्यावर त्यांचे जे म्हणणे असेल ते योग्य त्या टेबलापर्यंत लेखी पोहोचवायचे. जनसंपर्काच्या कामात वाचक हा वर्तमानपत्राचा किंवा समाजमाध्यमांचा असतो. येथे वाचक म्हणजे एखादा कक्ष अधिकारी किंवा उपायुक्त असतो, त्याच्यापुढे आधीच चाळीस नस्त्या (फायली) असतात आणि तुमच्या पत्राचा तो फक्त पहिला परिच्छेद वाचणार असतो. आपल्याकडे लॉबिंगची, म्हणजे शासनाच्या निर्णयांवर प्रभाव टाकण्याच्या कामाची, नोंदणी सक्तीची करणारा कायदा नाही, त्यामुळे संस्था आपल्या मर्यादा स्वतः कशा आखते, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे. आमच्याकडे कोणत्याही कार्यालयात जाताना मिठाईचा पुडाही न्यायचा नाही असा दंडक होता. मला तो आधी अतिरेकी वाटला, नंतर सोयीचा वाटू लागला.

मी रुजू झाले तेव्हा लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती. ठाणे मतदारसंघात २० मे रोजी मतदान होते, आणि ऐरोली व बेलापूर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ त्यातच येत असल्याने ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कोणत्याही कार्यालयात गेले की "कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेलेत, नंतर या" हेच ऐकू येई. ६ जूनला ती आचारसंहिता उठली; परंतु विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक २६ जूनला असल्याने, तिच्या आचारसंहितेमुळे आमच्या विभागात नवे निर्णय पुढेही अडकून राहिले. त्यातच नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये आणि ठाण्याची २०२२ मध्ये संपलेली असल्याने दोन्हीकडे प्रशासक होते, म्हणजे नगरसेवकाकडे जाण्याचा नेहमीचा मार्गही बंद होता. इंटर्नशिपच्या तारखा ठरवताना आपण फक्त विद्यापीठाचे वेळापत्रक पाहतो. निवडणुकांचे आणि विधिमंडळाच्या अधिवेशनाचे वेळापत्रकही पाहावे, हे मला कोणी सांगितले नव्हते. पावसाळी अधिवेशन २७ जूनला सुरू झाले आणि तेथून पुढचे दोन आठवडे मी मे महिन्याएवढे काम दर दोन दिवसांत केले.

रिकाम्या मे महिन्याचा एक फायदा झाला, तो म्हणजे मला शासन निर्णय वाचायला शिकता आले. कॉलेजमध्ये आम्ही धोरणांवर निबंध लिहिले होते, पण एकही शासन निर्णय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला नव्हता. माझ्या वरिष्ठ मॅडमनी पहिल्या दिवशी तीन पानांचा एक कागद पुढे ठेवून विचारले, "यात सगळ्यांत महत्त्वाचे काय आहे, सांग बघू." मी अर्थातच मधला मजकूर सांगितला. त्यांनी बोट ठेवले ते सुरुवातीच्या 'वाचा' या शीर्षकावर, ज्याखाली आधीच्या निर्णयांचे आणि पत्रांचे क्रमांक व तारखा दिलेल्या असतात (काही निर्णयांत तेथे 'संदर्भ' असे लिहिलेले असते), आणि मग शेवटच्या 'प्रत' या यादीवर. नवा निर्णय कोणत्या जुन्या निर्णयाच्या जागी आला आहे किंवा त्यात कोणती दुरुस्ती करतो आहे, हे 'वाचा'वरून कळते. आणि अंमलबजावणी कोणाच्या टेबलावर येणार आहे, म्हणजे आपले पत्र कोणाला लिहायचे, हे 'प्रत'वरून कळते. त्यानंतर शेवटच्या परिच्छेदातला अठरा अंकी संकेतांक पाहायचा, त्यातले पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर संकेतांक नसेल, तर ती बाजूला ठेवून शासनाच्या संकेतस्थळावर मूळ प्रत शोधायची, ही सवय तेव्हापासून लागली.

एवढे शिकूनही मी चूक केलीच. २८ जूनला तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडला, त्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची घोषणा झाली आणि त्याच तारखेचा महिला व बाल विकास विभागाचा शासन निर्णयही आला. आमच्या एका ग्राहक कारखान्यात, रबाळ्याला, कंत्राटी साफसफाईचे काम करणाऱ्या बऱ्याच महिला होत्या आणि त्यांच्यासाठी कारखान्याला एक पानाची मराठी माहिती हवी होती. मी ती लिहिली: वय २१ ते ६०, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, उत्पन्नाचा दाखला आवश्यक, अर्जाची मुदत १५ जुलै. कागद कँटीनच्या दाराशी चिकटवला गेला. ३ जुलैच्या दुसऱ्या शासन निर्णयाने वयोमर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. माझा कागद मात्र ८ तारखेपर्यंत तसाच होता, कारण मी एका अन्य टिपणीत गुंतले होते आणि लिहून झालेला विषय पुन्हा तपासायचा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हते. त्या दिवशी कारखान्यात गेले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "तुमचा कागद वाचून दाखल्यासाठी दोन खाडे केले, ताई. आता म्हणतात रेशनकार्ड चालतं." दोन खाडे म्हणजे त्यांची दोन दिवसांची मजुरी. मी माफी मागितली. त्या हसल्या आणि कामाला निघून गेल्या, ते मला रागावण्यापेक्षा अधिक लागले. त्यानंतर माझ्या प्रत्येक टिपणीच्या डोक्यावर 'अमुक दिनांकाच्या शासन निर्णयानुसार' ही ओळ, खाली संकेतांक आणि पुन्हा तपासण्याची तारीख असते.

पत्र देण्याचे काम कोणी हलके समजू नये. शासकीय कार्यालयात पत्र दिले असे म्हणायचे, तर हातात पोच हवी. दोन प्रती न्यायच्या. बारनिशीत, म्हणजे पत्रांची आवक-जावक नोंदवणाऱ्या शाखेत, एक ठेवून घेतात आणि दुसरीवर जांभळा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून परत देतात. मी पहिल्या वेळी एकच प्रत नेली, झेरॉक्सचे दुकान शोधेपर्यंत जेवणाची वेळ झाली, आणि पुढचा पाऊण तास बाकावर बसून काढला. आवक क्रमांकाशिवाय पुढच्या आठवड्यात फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न "नंबर काय?" हाच येतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने शुक्रवारी दुपारनंतर दिलेले पत्र सोमवारीच उघडले जाईल असे धरून चालावे.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर तो पहिल्याच आठवड्यात करावा. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस असतात, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात केलेल्या अर्जाचे उत्तर तुमच्या जागी आलेल्या पुढच्या मुलाला मिळते. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लिहायचा असतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. १५० शब्दांत नेमके काय मागायचे हे ठरवताना माझे चार खर्डे झाले.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी या क्षेत्रात बिचकण्याचे कारण नाही. माझ्यासोबतच्या दोघांचे इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार होते, पण "उचित कार्यवाहीस्तव सादर" कुठे लिहायचे आणि "माहितीस्तव" कुठे, यात ते अडखळत, आणि निवेदनांचे मसुदे हळूहळू माझ्याकडे येऊ लागले. याउलट इंग्रजी टिपणी एका पानात बसवण्यात मी शेवटपर्यंत कच्ची राहिले. युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन मात्र आधीच शिकून यावे. जुन्या फाँटमधल्या फायली उघडल्यावर पडद्यावर जी अगम्य अक्षरे उमटतात, त्यांनी माझी एक संध्याकाळ खाल्ली आहे.

मानधन महिन्याला ८,००० रुपये होते. माझ्या कोपरीतल्या घरून ठाणे स्थानक जवळ आणि तेथून बेलापूरला लोकल असल्यामुळे ते मला पुरले, पण डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्याने प्रवासाचा हिशेब आधी करावा. अर्ज मी फेब्रुवारीत केला होता. सोबत गुणपत्रिकेपेक्षा उपयोगी पडले ते एका शासन निर्णयाचे मी स्वतःहून लिहिलेले एक पानाचे टिपण. मुलाखतीत त्याच पानावर वीस मिनिटे प्रश्न विचारले गेले, आणि त्यातला पहिला प्रश्न हा निर्णय अजून लागू आहे का, असा होता.