हिरड्यांची तपासणी करताना या चुका टाळा

दाढ दुखते म्हणून पेशंट खुर्चीत बसतो. आपण कीड बघतो, एक्स-रे काढतो, रूट कॅनालचा खर्च सांगतो. हिरड्यांकडे कुणी बघत नाही. काही वर्षांनी तोच माणूस खालचे पुढचे दात हलतात म्हणून येतो, तेव्हा दातांभोवतीचं हाड झिजलेलं असतं आणि बहुतेकदा ते परत येत नाही. हिरड्यांचा हा आजार फारसा दुखत नाही. पेशंट स्वतःहून सांगेल याची वाट बघणं हीच पहिली चूक. प्रत्येक प्रौढ पेशंटच्या तपासणीत हिरड्यांसाठी दोन-तीन मिनिटं काढायलाच हवीत.

दुसरी चूक नुसत्या आरशावर भागवण्याची. वरून गुलाबी दिसणाऱ्या हिरडीखालीही खोल पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधली पोकळी, असू शकतो. कीड शोधायचा टोकदार एक्सप्लोरर इथे कामाचा नाही. डब्ल्यूएचओ प्रोब, म्हणजे पॉकेटची खोली मोजायची बारीक सळई, हवा: टोकाला ०.५ मिलिमीटरची गोळी, आणि ३.५ ते ५.५ मिलिमीटरवर काळा पट्टा. जोर २० ते २५ ग्रॅमचाच. जास्त दाबलंत तर निरोगी हिरडीतूनही रक्त येईल आणि पेशंट पुढच्या वेळी तोंड उघडताना कचरेल.

प्रोब दाताच्या मधोमध एकदा टोचून काढून घेतला जातो, हे मी फार वेळा पाहिलं आहे. पॉकेट बहुधा दोन दातांच्या फटीत असतो. म्हणून प्रोब हिरडीच्या कडेने दाताभोवती चालवत न्यायचा. तोंडाचे सहा भाग करा, अक्कलदाढा एरवी सोडा, आणि प्रत्येक भागातला सगळ्यात वाईट आकडा लिहा. पट्टा पूर्ण दिसतो आणि रक्तही नाही, तर ०. रक्त आलं तर १. कीट (दातावर साचलेला कडक थर) किंवा भरावाची (फिलिंगची) बाहेर आलेली कड असेल तर २. पट्टा अर्धवट बुडाला तर ३, पूर्ण दिसेनासा झाला तर ४. केसपेपरवर ‘हिरड्या ठीक’ एवढंच लिहिलं, तर वर्षभराने तुलना कशाशी करणार?

४ आला की स्केलिंगची (कीट खरवडून काढण्याची) तारीख देऊन मोकळं होऊ नका. सगळ्या दातांची, प्रत्येकी सहा ठिकाणी, मापं घ्या आणि एक्स-रेवर हाड बघा. उपचारानंतरही तीच मापं पुन्हा घ्यायची. सहा आकड्यांची ही चाळणी आजार पकडण्यापुरती आहे, सुधारणा मोजायला ती अपुरी पडते.

रक्त आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत रक्तस्राव कमी दिसतो, आतलं हाड मात्र जात राहतं. प्रश्नही नीट विचारा. ‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणारी मावशी रोज सकाळी मिश्री लावत असते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. मिश्रीचं नाव घेऊनच विचारा. शुगर शेवटची कधी तपासली, हेही विचारा: ताब्यात नसलेल्या मधुमेहात हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो, आणि हिरड्यांच्या सुजेमुळे शुगर आटोक्यात ठेवणंही अवघड होतं. रक्तदाबाची अम्लोडिपिनची गोळी चालू असेल तर हिरड्या फुगू शकतात. तेव्हा गोळी बंद करायला आपण सांगायचं नाही, फिजिशियनला चिठ्ठी द्यायची.

एवढं करूनही पेशंट उपचाराला येत नाही, कारण घरी कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘दात साफ केले की हलायला लागतात.’ ही भीती हसण्यावारी नेऊ नका. त्यामागे खरा अनुभव असतो. हाड आधीच गेलेलं असतं, कीटाचा थर दातांना एकमेकांशी धरून ठेवतो. तो निघाला आणि सूज उतरली, की फटी उघड्या पडतात आणि काही दिवस दात सैल वाटतात. हे स्केलिंगच्या आधी सांगा. पेशंटच्या हातात आरसा द्या आणि पट्टा कुठे बुडतो ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.