माणूस गेला, लॉगिन राहिलं: कोकणातल्या उद्योगाने आयडेंटिटी-अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअर कसं पारखावं

मेअखेर आंबा आटपतो. पॅकहाऊसवरची जादा माणसं हिशोब घेऊन आपापल्या गावी जातात. मार्चमध्ये त्यांना दिलेली लॉगिनं मात्र जागच्या जागी राहतात: डिस्पॅचचा ईमेल, बिलिंग, कुरिअरचं पोर्टल, ड्राइव्हवरची दर-यादी. पुढच्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्या निर्यातदाराकडे लागला, तरी त्याच्या फोनवर तुमची ग्राहक-यादी उघडते. तारकर्लीच्या रिसॉर्टचं बुकिंग असो, रत्नागिरीचं मासळी-प्रक्रिया युनिट असो की लोट्याचा रसायन कारखाना, दुखणं एकच आहे.

कोण आत येऊ शकतं, कुठवर येऊ शकतं आणि कधीपर्यंत, हे एका जागेवरून ठरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे आयडेंटिटी अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट, थोडक्यात आयएएम. विक्रेता डेमोमध्ये माणूस कसा झटपट जोडला जातो ते दाखवतो. तुलना करताना उलटं बघा, माणूस किती लवकर आणि किती पूर्ण बाहेर पडतो ते. पुढची सगळी पारख याच कसोटीवर आहे.

आधी यादी

सॉफ्टवेअरची नावं बघण्याआधी एक्सेलचं एक शीट उघडा. रकाने सहा: व्यक्ती, काम, कुठे कुठे लॉगिन आहे, ते स्वतःचं की सामायिक, ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो, आणि बंद करायची जबाबदारी कोणाची. वीस माणसांच्या ऑफिसला या कामासाठी दोन दिवस धरा. टेबलावर बसून आठवून लिहिलेली यादी अपुरी निघते. प्रत्येकाशेजारी बसून त्याचा ब्राउझर उघडायला लावा आणि साठवलेले पासवर्ड बघा. पासवर्ड नव्हे, साइटची नावं.

सामायिक लॉगिन इथेच उघडी पडतात. रिसेप्शनच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, तिच्यावर हॉटेलचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तीन पाळ्यांतली सहा माणसं तोच पासवर्ड वापरतात. रात्री कोणी बुकिंग रद्द केलं, याचं उत्तर कुठलंही सॉफ्टवेअर देऊ शकणार नाही, कारण त्याच्या लेखी ती सहा माणसं एकच आहेत. आयएएम घेण्याआधी ही चिठ्ठी निघायला हवी.

कुठली दारं जोडली जातील

यादीतल्या प्रत्येक अ‍ॅपपुढे तीन प्रश्न लिहा. सॅमल (SAML) किंवा ओपनआयडी कनेक्ट (लॉगिन जोडण्याच्या ठरीव पद्धती) चालतं का? चालत असेल तर एकाच लॉगिनने त्यात शिरता येतं. स्किम (SCIM) चालतं का? चालत असेल तर आयएएममधल्या मुख्य यादीतून नाव काढल्यावर त्या अ‍ॅपमधलं खातंही आपोआप बंद होतं. तिसरा प्रश्न पैशांचा: या सोयी तुमच्या प्लॅनमध्ये आहेत का? पुष्कळ अ‍ॅप सॅमल फक्त सगळ्यांत महागड्या प्लॅनमध्ये देतात, आणि मग आयएएमपेक्षा अ‍ॅपचं बिलच जास्त वाढतं. हा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही, तो तुम्हीच मांडायचा.

सरकारी पोर्टलं यात बसत नाहीत. जीएसटी, ई-वे बिल, युरोपला जाणाऱ्या आंब्यासाठीचं मँगोनेट यांची लॉगिनं वेगळीच राहणार. त्यांच्यासाठी पासवर्ड मॅनेजर घ्या आणि जिथे सोय आहे तिथे उपवापरकर्ते (त्याच खात्याखाली प्रत्येकाला वेगळं लॉगिन) करा. ई-वे बिलाला एप्रिल २०२५पासून सर्व करदात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डासोबत ओटीपी) सक्तीची आहे. ट्रक गेटवर उभा, ओटीपी मालकाच्या फोनवर आणि मालक रेंज नसलेल्या वाडीत, असं होतं ते सगळी माणसं मालकाच्याच लॉगिनने काम करतात म्हणून. डिस्पॅचच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर उपवापरकर्ता करून द्या. एनआयसी-जीएसटी-शील्ड हे अ‍ॅप इंटरनेटशिवायही ओटीपी दाखवतं, ते त्याच्या फोनवर चालू करून ठेवा.

कोणकोण शर्यतीत

ज्याचे पैसे आधीच भरताय, तिथून सुरुवात करा. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच एन्ट्रा आयडी या आयएएमचा पी-१ हा पैसे भरून मिळणारा दर्जा त्यातच येतो. एन्ट्रा हे २०२३पर्यंत अ‍ॅझ्युअर एडी नावाने ओळखलं जायचं. फुकट दर्जातही सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) आणि दुहेरी पडताळणी मिळते. पण ‘ऑफिसबाहेरून लॉगिन केलं तरच पडताळणी माग’ असे नियम लावायचे, किंवा अ‍ॅप गटानुसार वाटायची, तर पी-१ लागतो. सगळा कारभार गूगल वर्कस्पेसवर असेल तर त्याचीच डिरेक्टरी (माणसांची मुख्य यादी) पुष्कळदा पुरते. ज्या हंगामी माणसांना ईमेल द्यायचा नाही त्यांच्यासाठी गूगलच्याच क्लाउड आयडेंटिटीची फुकट आवृत्ती आहे, तिच्यात सुरुवातीला ५० जणांची मर्यादा असते.

ऑक्टा या आयएएम सेवेची जमेची बाजू म्हणजे तयार जोडण्यांचा प्रचंड साठा. चाळीस-पन्नास वेगवेगळी क्लाउड अ‍ॅप वापरणाऱ्या कंपनीला तो शोभतो. पंधरा जणांच्या काजू कारखान्याला सहसा जास्त होतो. किमान वार्षिक करार किती रकमेचा, हे पहिल्याच फोनवर विचारा. आपल्याकडच्या कंपन्यांत चेन्नईच्या झोहोची झोहो डिरेक्टरी आणि पुण्याची मिनीऑरेंज बघण्यासारख्या आहेत. रुपयांत बिल आणि आपल्या कामाच्या वेळेत मिळणारी मदत छोट्या उद्योगाला खरोखर उपयोगी पडते.

कीक्लोक हे आयएएम मुक्त-स्रोत (ओपन सोर्स) आहे, परवान्याचे पैसे नाहीत. मात्र जावा, डेटाबेस, बॅकअप, प्रमाणपत्रं हे सगळं सांभाळणं तुमच्याकडे येतं. नवी आवृत्ती आली की जुनीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं थांबतं, म्हणजे वर्षातून अनेकदा अपडेट करावं लागतं. त्यासाठी नेमलेला माणूस नसेल तर घेऊ नका. घेतलंच तर ऑफिसातल्या पीसीवर बसवू नका. कुडाळात वीज गेली की मुंबईतला विक्री प्रतिनिधीही बाहेर राहील.

दुसरी पडताळणी: हात आणि रेंज बघून

एसएमएस ओटीपी हा सगळ्यांत कच्चा पर्याय. सिम बदलून तो चोरता येतो, आणि इथे तर तो पोहोचेलच याची खात्री नाही. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज आणि मोबाइल दोन्ही बंद होते. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही. तो ‘चुकीचा’ येऊ लागला तर बहुधा फोनचं घड्याळ मागेपुढे झालेलं असतं. वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू केली की सुटतं.

बोटाच्या ठशावर विसंबण्याआधी बोटं बघा. काजू फोडणाऱ्या बायांच्या हातांची कातडी टरफलाच्या तेलाने सोलवटते, ठसे पुसट होतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही. मासळीच्या युनिटमध्ये हात ओले, वर ग्लोव्हज. अशा ठिकाणी यूएसबीची सुरक्षा-किल्ली आणि पिन चांगलं चालतं. फसव्या लॉगिन पानालाही ती बळी पडत नाही, कारण किल्ली खऱ्या साइटचा पत्ता तपासूनच उत्तर देते. माणशी दोन किल्ल्या घ्या, दुसरी ऑफिसच्या तिजोरीत.

अकरा वाजताची चाचणी

तीन नावं निवडून प्रत्येकाची चाचणी-आवृत्ती घ्या. ‘चाचणी कर्मचारी’ असं खातं करा, लॉगिन त्याच्या लॅपटॉपवरही करा आणि फोनवरही: ईमेल, ड्राइव्ह, बिलिंग. सगळं उघडं ठेवा. बरोबर अकरा वाजता मुख्य यादीतून खातं बंद करा आणि घड्याळ लावून बसा. दर दहा मिनिटांनी प्रत्येक अ‍ॅपमध्ये काहीतरी नवीन उघडून बघा. आधीच उघडलेलं पान दिसतंय यावरून काही ठरत नाही.

साडेअकरालाही काही अ‍ॅप चालू दिसतील, आणि त्याचं कारण समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. मुख्य यादी नवीन प्रवेश थांबवते. आधी आत गेलेल्याच्या हातात मुदतीचा पास असतो आणि तो संपेपर्यंत चालतो. एन्ट्रामध्ये हा पास साधारण ६० ते ९० मिनिटांचा असतो. मायक्रोसॉफ्टची स्वतःची काही अ‍ॅप खातं बंद झाल्याचं लगेच ओळखतात, बाकीची मुदतीची वाट बघतात. ‘सेशन रद्द करा’ हे बटण वेगळं असतं. ते दाबून चाचणी पुन्हा करा. स्किमही क्षणात होत नाही, एन्ट्राची फेरी साधारण ४० मिनिटांनी होते. स्किम नसेल तर अ‍ॅपमधलं खातं जिवंतच राहतं, आणि त्या अ‍ॅपचा स्वतःचा जुना पासवर्ड चालू असेल तर माणूस मागच्या दाराने आत येतो. म्हणून सिंगल साइन-ऑन लावलं की त्या अ‍ॅपमधलं पासवर्डचं लॉगिन बंद करायलाच हवं.

कुठल्याही आयएएमला न दिसणाऱ्या तीन जागा हाताने तपासा: ईमेल आपोआप बाहेर पाठवणारा फॉरवर्डिंग नियम, माणसाने स्वतः तयार केलेली एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला खात्यात शिरू देणारी किल्ली), आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसला जोडलेली डिव्हाइस. हंगामातल्या निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तर शेवटची जागा सगळ्यांत मोठी.

चाचणीचा निकाल मिनिटांत लिहा, ‘चांगलं-वाईट’ असा नको.

लॉग किती दिवस राहतात

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना तिला सहा तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे कोण कधी शिरलं याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. एन्ट्राच्या फुकट दर्जात साइन-इन लॉग सात दिवस दिसतात, पी-१मध्ये तीस. बाकीचे दिवस तुम्ही लॉग बाहेर काढून साठवले तरच हाती राहतात. प्रत्येक विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: किती दिवस, बाहेर कसे काढायचे, त्याचे वेगळे पैसे आहेत का. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या उपायांत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, त्यामुळे ‘कोण शिरलं होतं’ याचा पुरावा हाताशी असलेला बरा.

पैसे

समजा १८ माणसं बारमाही आणि २५ हंगामी. वार्षिक करारात दर कमी असतो, पण नूतनीकरणापर्यंत संख्या सहसा घटवता येत नाही. म्हणजे ४३ परवाने वार्षिक घेतले तर २५ रिकाम्या खुर्च्यांचं भाडं आठ-नऊ महिने जातं. बारमाही माणसांचे वार्षिक, हंगामी माणसांचे मासिक, असं मिश्रण मागा. विक्रेत्याचं बिल परदेशातून येत असेल तर रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी तुम्ही भरायचा. कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम १५,००० रुपयांपुढे गेली की दर वेळी ओटीपीने मंजुरी लागते. ती हुकली तर सेवा तुटते, तीही सगळ्यांच्या लॉगिनची.

आणीबाणीची किल्ली

दोन आपत्कालीन प्रशासक खाती ठेवा. कोणाच्याही रोजच्या वापरात नसलेली, एसएमएसवर न विसंबणारी, लांब पासवर्ड आणि सुरक्षा-किल्लीवर चालणारी. पासवर्ड आणि किल्ली घातलेली सीलबंद पाकिटं दोन, दोन वेगळ्या इमारतींत, आणि तळमजल्यावर एकही नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं कागद-संगणक सगळं गेलं. दर सहा महिन्यांनी पाकीट फोडून लॉगिन करून बघा, मग नव्या पासवर्डासह पुन्हा सील करा.

कधी बसवायचं

आंबेवाल्यांनी जून-जुलैत. मासळीवाल्यांनाही हेच दिवस, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. रिसॉर्टवाल्यांनी पावसाळ्यात, पण गणपतीच्या आठवड्यात नको, निम्मा स्टाफ रजेवर असतो आणि फोन-नोंदणी अर्धवट राहते. पहिला आठवडा फक्त मालक आणि हिशोबनीस, दुसरा ऑफिस, त्यानंतर काउंटर आणि पॅकहाऊस. हंगामी खात्याला तयार करतानाच शेवटची तारीख घाला, म्हणजे ३१ मेला ते आपोआप बंद होईल. तुमच्या प्लॅनमध्ये ही सोय नसेल तर कॅलेंडरवर दोन जणांना आठवण लावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पगारपत्रक आणि लॉगिनची यादी शेजारी शेजारी ठेवा. पगारपत्रकात नसलेलं नाव त्याच दिवशी बंद करा आणि शीटवर सही-तारीख टाका.