पार्किन्सन्ससाठी विजया तेल: डॉक्टरांना विचारण्यापूर्वीची तयारी

सिंडोपा या लेव्होडोपायुक्त गोळीचा असर पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच ओसरू लागला, की भांगेपासून काढलेले विजया तेल देऊन पाहावे का, असा प्रश्न पुण्यातल्या शुभंकरांना, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना, पडतो. निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांबरोबरच घ्यायचा असला, तरी त्या भेटीआधी थोडी तयारी करावी.

प्रथम, तेल नेमक्या कोणत्या त्रासासाठी हवे आहे ते लिहून काढावे. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात कॅनाबिनॉइड रिसेप्टर, म्हणजे भांगेतील घटक ज्यांवर काम करतात ती पेशींवरील ग्राहके, विपुल असल्याने आशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत लेव्होडोपामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली गांजाच्या अर्काने कमी झाल्या नाहीत, आणि २०१४ मधील ब्राझीलच्या २१ रुग्णांच्या चाचणीत रोज ३०० मिलिग्रॅम सीबीडी (भांगेतील नशा न आणणारा घटक) घेणाऱ्यांचे जीवनमान सुधारले, तरी हालचालींत फरक दिसला नाही. त्यामुळे कंप थांबेल या अपेक्षेने तेल आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झोप किंवा चिंता यांविषयी विचारणे अधिक सयुक्तिक ठरेल.

त्यानंतर दोन आठवडे गोळ्यांच्या वेळा, 'ऑन' आणि 'ऑफ'चे (औषधाचा असर असलेले आणि ओसरलेले) तास, झोप यांची नोंद ठेवावी. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी मोजावा, कारण पार्किन्सन्समध्ये उभे राहताना तो अनेकदा आधीच उतरत असतो आणि टीएचसीमुळे (भांगेतील नशा आणणाऱ्या घटकामुळे) आणखी उतरून शुभार्थी, म्हणजे रुग्ण, पडू शकतो. नसलेली माणसे दिसत असतील, तर तेही सांगावेच. घरचे संकोचाने ही गोष्ट लपवतात, पण टीएचसीने भास वाढू शकतात आणि डॉक्टरांचा सल्ला त्यावरच अवलंबून असतो. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) किंवा क्लोबाझाम (फिट्स आणि चिंतेवरचे औषध) चालू असल्यास आवर्जून दाखवावे. सीबीडीमुळे त्यांचा परिणाम वाढतो.

बाटलीवर आयुर्वेदिक उत्पादन परवाना क्रमांक आणि टीएचसी व सीबीडी या दोन्हींचे प्रमाण छापलेले नसेल, तर ती घेऊ नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा आणि चरस निषिद्ध आहेत. भांगेच्या पानांना त्यातून वगळले असले, तरी विजयायुक्त आयुर्वेदिक औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. होळीच्या भांगेवर प्रयोग मुळीच करू नये, कारण तिच्यात टीएचसी किती आहे हे कळण्याची सोय नसते.

डॉक्टरांच्या संमतीने तेल सुरू झाले, तर त्याच काळात दुसरे कोणतेही औषध बदलू नये, आणि बरे वाटले म्हणून सिंडोपा स्वतःहून कमी करू नये. ती अचानक थांबवल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येऊ शकते.