डॅटसन 240झेडचे पॉइंट काढण्याआधी

डॅटसन 240झेड या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचे पॉइंट-कंडेन्सर (ठिणगीसाठी करंट तोडणारी यांत्रिक जोडी) काढून नंतरच्या 280झेडएक्स मॉडेलचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) बसवायचा असेल, तर जुन्याला पाना लावण्याआधी सगळं सामान समोर मांडून ठेवा. काम अवघड नाही; पण एखादी बारीकशी वस्तू राहून जाते आणि गाडी आठवडाभर जागची हलत नाही.

आधी इंजिनाची तब्येत बघा. कॉम्प्रेशन तपासा, व्हॉल्व्हचं अंतर तपासा, दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे ओढतात ना ते पाहा. इंजिन मिस मारतंय म्हणून पॉइंटवर खापर फोडायचं आणि दोष निघायचा कार्ब्युरेटरमध्ये, असं होऊ नये. जुना डिस्ट्रिब्युटर जागेवर असतानाच रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) धरून त्याचा दांडा आडवा हलवून बघा. बुश झिजलेलं असेल तर दांडा डुलतो आणि पॉइंटचं अंतर दर फेरीला बदलतं. हे अंतर जेमतेम 0.45 ते 0.55 मिलिमीटर असतं, त्यामुळे एवढ्याशा खेळानेही टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, भरकटतं. सहा सिलिंडरच्या या इंजिनाला वरच्या आरपीएमला पळवायचं असेल, तर हा बदल करण्यासारखा आहेच.

आता खरेदी. 1979 पासूनच्या, टर्बो नसलेल्या 280झेडएक्सचा डिस्ट्रिब्युटर हवा, ज्याच्या अंगाला काडेपेटीएवढं ई12-80 मॉड्यूल (पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) स्क्रूने बसवलेलं असतं. नंतरच्या टर्बो गाडीचा घेऊ नका; तिथे टायमिंग पुढे-मागे करण्याचं काम कॉम्प्युटर करतो आणि तुमच्या गाडीत तो नाही. डिस्ट्रिब्युटरबरोबर त्याचा खालचा पाया, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या कव्हरला बोल्टने बसणारा भाग, मागूनच घ्या. जुन्या पायावर नवा नीट बसत नाही, आणि विकणारा तो आपणहून देईलच असं नाही. नवी कॅप, नवा रोटर आणि प्लगच्या वायरी एकाच वेळी घेतलेल्या बऱ्या.

जुन्या बाजारातून आणलेला डिस्ट्रिब्युटर तसाच बसवू नका, टेबलावर उघडा. इथे वेळ लागू दे. व्हॅक्यूमच्या डबीला (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे करणाऱ्या) नळी लावून तोंडाने हवा ओढा: आतली प्लेट सरकली पाहिजे आणि नळीचं तोंड जिभेने दाबून धरल्यावर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलाय. पिकअपच्या (मॉड्यूलला ठिणगीचा इशारा देणाऱ्या गुंडाळीच्या) दोन बारीक वायरी त्या प्लेटबरोबर सतत हलतात, म्हणून त्यांचं आवरण कडक होऊन तडकतं. भिंगाखाली धरून बघा. दातेरी चाक आणि त्यासमोरचा भाग यांच्यातलं अंतर 0.3 ते 0.5 मिलिमीटर ठेवा. त्यासाठी पितळी फिलर गेज आणा, कारण पोलादी पट्टी चुंबकाला चिकटते आणि माप फसतं. रोटरच्या खालची, वेग वाढला की बाहेर उघडून टायमिंग पुढे करणारी वजनं साफ करून तेलाचा थेंब द्या. तिथे 8.5 किंवा तसा आकडा कोरलेला दिसेल, तो लिहून ठेवा. हे डिस्ट्रिब्युटरचे अंश; क्रँकच्या अंशांत त्याची दुप्पट होते, म्हणजे 8.5 असेल तर 17 अंश. शेवटी टायमिंग बांधताना हाच आकडा लागतो.

मॉड्यूल जिथे टेकतं ती जागा झिरो पेपरने चकचकीत करून उष्णता वाहून नेणारी सिलिकॉन पेस्ट पातळ लावा. अर्थिंगही (करंटचा परतीचा मार्ग) याच अंगातून मिळतं, त्यामुळे पायाखाली रंग किंवा गंज राहू देऊ नका.

वायरिंगचं सामान थोडं आहे: चांगली वायर, लग, लग दाबायची पक्कड, मल्टिमीटर. मॉड्यूलवरचं बी टर्मिनल कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) प्लसला, सी मायनसला. उलटसुलट झालं तर मॉड्यूल हातचं जाऊ शकतं, म्हणून वायरींना आधीच चिठ्ठ्या चिकटवा. कॉइल या मॉड्यूलला साजेशी हवी, प्रायमरी गुंडाळीचा रोध एक ओहमच्या आसपास. ती लावल्यावर बॅलास्ट रेझिस्टरची (जुन्या कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणाऱ्या रोधाची) गरज उरत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी एकत्र जोडायच्या. पण 240झेडचा आरपीएम मीटर कॉइलकडे जाणाऱ्या करंटवर चालतो. नवी वायर थेट बॅटरीकडून ओढून मीटरचा फाटा वगळलात तर काटा शून्यावर पडून राहील. त्यामुळे मूळ वायरिंगचा नकाशा छापून हाताशी ठेवा.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी क्रँक पुली फिरवून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा आणि रोटर कुठे बघतोय त्याचा फोटो काढा. डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या ऑइल पंपाच्या दांड्याला हात लावू नका. त्याची जीभ मध्यावर नसते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच दिशेने खाली बसतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4, आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो; बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा, कारण वायरी लावताना हटकून गोंधळ होतो.

प्लगचं अंतर आता 1 ते 1.1 मिलिमीटर करता येतं. टायमिंग लाइट (पुलीवरची टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) मात्र स्वतःची असू द्या. व्हॅक्यूमची नळी काढून, तोंड बंद करून, आरपीएम वाढवत नेऊन बघा: वजनं पूर्ण उघडल्यावर टायमिंग 34 अंशांच्या आसपास आलं की थांबवा. आयडलला काय दिसतं ते त्यातून आपोआप ठरतं. चढावर जोर देताना टकटक ऐकू आली तर लगेच दोन अंश मागे घ्या. पहिल्या फेरीनंतर इंजिन गरम असतानाच खालचा बोल्ट पुन्हा आवळून टायमिंग एकदा पडताळा. जुना डिस्ट्रिब्युटर पॉइंट आणि कंडेन्सरसकट डिकीत राहू द्या. त्याच्यासोबत जुनी कॉइल, पाया आणि बॅलास्टही ठेवा, म्हणजे लांबच्या रस्त्यावर मॉड्यूल गेलंच तरी गाडी घरी आणता येईल.