स्पीडरनिंग कसं सुरू करायचं आणि ग्लिच बघायची नजर कशी तयार करायची

बेळगावात असो नाहीतर निपाणी-खानापुरात, कुणालाही स्पीडरनचा व्हिडिओ दाखवला की पहिला प्रश्न ठरलेलाच असतोय, "अरे भिंतीतनं आरपार गेला की हा, मग हे चिटिंग नव्हे काय?" नव्हे. आणि का नव्हे ते एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातंय, म्हणून आधी तेच सांगतो. स्पीडरन म्हणजे गेम जमेल तेवढ्या लवकर संपवायचा, त्याचा व्हिडिओ ठेवायचा आणि आपली वेळ बोर्डावर, म्हणजे सगळ्यांच्या वेळा क्रमानं लावलेल्या ऑनलाईन यादीत, टाकायची. गेम सगळ्यांना तोच, त्यात काडीचाही बदल नाही, हातात फक्त बटणं. आता त्या बटणांनीच भिंतीतनं जाता येत असेल तर ती वाट पहिल्यापासून गेममध्ये होतीच, कुणीतरी डोकं लावून शोधली एवढंच. गेममधल्या अशा चुकून राहिलेल्या वाटेलाच ग्लिच म्हणतात. गेमची फाईल बदलणं, व्हिडिओ मधेच कापून जोडणं, ही खरी चिटिंग, आणि तिला या लोकांत अजिबात माफी नाही.

एक ग्लिच जवळनं बघूया. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम होता, पिवळी कॅसेट घालायची आणि सुरू, त्यामुळं मारिओच घेऊ. सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५ चा. १-२, म्हणजे पहिल्या वर्ल्डची दुसरी, ही जमिनीखालची लेव्हल, तिच्या शेवटी छतावरनं चालत गेलं की वॉर्प झोन, म्हणजे थेट त्या त्या वर्ल्डला नेणारे ४, ३, २ असे तीन पाईप लागतात हे सगळ्यांना पाठ आहे. पण छतावरनं न जाता, बाहेर पडायच्या पाईपवर उभं राहून, तोंड उलटं करून, बसून उडी मारली आणि मारिओ भिंतीच्या कोपऱ्यावर नेमका बसला तर गेमला वाटतंय हा भिंतीत अडकलाय, आणि तो त्याला बाहेर ढकलायला जातो पण ढकलतो पलीकडच्या बाजूला. भिंतीपलीकडं आलात की सगळ्यात डावीकडच्या पाईपात लगेच उतरायचं, वॉर्प झोनची अक्षरं स्क्रीनवर यायच्या आत. कुठला पाईप कुठं नेणार हे गेम ती अक्षरं आणतानाच ठरवतो. अक्षरं आलीच नाहीत, म्हणून तो दुसऱ्याच एका वॉर्प झोनचे आकडे वाचतो, ४-२ च्या शेवटचे, जिथं मधे ५ चा एकच पाईप आहे आणि दोन्ही बाजू मोकळ्या. आता मोकळी जागा दाखवायला गेममध्ये रिकाम्या चौकोनाचा नंबर लिहून ठेवलाय, ३६. गेम तो नंबर इमानदारीत वाचतो आणि तुम्हाला वर्ल्ड ३६ ला पाठवून देतो! वर ३६ लिहायला जातो तर त्या नंबरचं चित्रच रिकामं, त्यामुळं दिसतंय नुसतं "-१". हेच ते मायनस वर्ल्ड. पाण्यातली लेव्हल, शेवटच्या पाईपात शिरलं की परत सुरुवातीला, टाईम संपेपर्यंत फिरत बसा.

रन करायला याचा काही उपयोग नाही, बाहेरच पडता येत नाही. पण ग्लिच म्हणजे काय हे कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. गेमनं एकही नियम मोडलेला नाही, लिहून दिलेला नियम तंतोतंत पाळला, फक्त अशा जागी पाळला जिथं कुणी पोचेल असं बनवणाऱ्यांच्या मनातही आलं नव्हतं. म्हणून कुठला पण ग्लिच बघितला की स्वतःला एकच विचारायचं, इथं गेम कुठला नियम पाळतोय? उत्तर सापडलं की तो व्हिडिओ परत पहिल्यापासनं बघावासा वाटतोय.

आता गेम कुठला घ्यायचा. दोनच अटी, तुम्हाला मनापासनं आवडणारा आणि छोटा. व्हाइस सिटी आपल्याकडं प्रत्येकानं खेळलाय त्यामुळं हात तिकडंच जातोय, पण पहिल्याच गेमला एवढा मोठा घेऊ नका, एक मिशन फसलं की सगळं परत पहिल्यापासनं आणि चार दिवसांत उत्साह संपतोय. माझा सल्ला सेलेस्ट क्लासिक. हा सेलेस्ट नावाच्या मोठ्या गेमच्या आधीचा, डोंगर चढायचा, ब्राउझरमध्ये फुकट चालणारा छोटा गेम, १०० मीटरपासनं चढत चढत ३०००, एका स्क्रीनवर एक लेव्हल, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या पीसीवर पण चालतो. दिशेची बटणं सोडली तर उडी आणि डॅश (झटक्यात पुढं झेपावणं), दोनच बटणं, त्यामुळं चुकलं तर नेमकं कुठं चुकलं ते लगेच दिसतंय. मारिओ करायचा असेल तर तोही उत्तम, फक्त ते कॅसेटवाले जुने व्हिडिओ गेम हे मूळ मशीनचे क्लोन, त्यांचं टायमिंग मुळाशी जुळेलच असं नाही, म्हणून कुठलं मशीन आणि कुठला एमुलेटर (पीसीवर जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालतो ते आधी बोर्डाच्या नियमात वाचायचं. मोबाईलशिवाय काहीच नाही? तरी अडत नाही, हे बोर्ड जिथं असतात त्या स्पीडरन डॉट कॉम साईटवर सबवे सर्फर्सचा पण बोर्ड आहे, एकही कॉइन न घेता किती वेळ टिकता ते बघतात. ऐकायला सोपं वाटतंय, करून बघा.

गेम ठरला की त्याच्या पानावर जाऊन कॅटेगरी आणि नियम नीट वाचा, हे लई महत्त्वाचं आणि नेमकं हेच सगळे टाळतात. एनी पर्सेंट म्हणजे कसंही करून शेवट गाठायचा, हंड्रेड पर्सेंट म्हणजे सगळं गोळा करून, ग्लिचलेस म्हणजे ग्लिच न वापरता, वॉर्पलेस म्हणजे मारिओच्या ३२ च्या ३२ लेव्हल खेळून. ज्याला ग्लिच पटतच नाहीत त्याच्यासाठी पण जागा आहे बघा, भांडायचं कारणच नाही. टायमिंग कुठनं कुठपर्यंत ते पण प्रत्येक गेमला वेगळं. मारिओत १-१ मध्ये वर ४०० दिसलं की घड्याळ सुरू आणि ८-४ मध्ये कुऱ्हाडीला हात लागला की बंद, राजकन्या भेटेपर्यंत थांबत नाहीत.

मग त्या कॅटेगरीतले दोन रन बघायचे, एक वर्ल्ड रेकॉर्ड आणि एक मधल्या नंबरावरचा. रेकॉर्ड बघून भारी वाटतंय पण शिकायला मिळतंय ते मधल्याकडनं, कारण तो अवघड ट्रिक सोडून सोपी वाट घेतो आणि सुरुवातीला तुम्हालाही तीच घ्यायची आहे. वाट कागदावर लिहून काढा, कुठल्या स्क्रीनवर काय करायचं ते आपल्या भाषेत. हे हातानं लिहिणं सोडू नका.

मारिओचा रेकॉर्ड बघताना एक गोष्ट माहीत नसेल तर अर्धी मजा जाते, ती म्हणजे फ्रेमरूल. हा गेम लेव्हल संपली की लगेच पुढची उघडत नाही, दर २१ फ्रेमला (फ्रेम म्हणजे स्क्रीनवर येणारं एकेक चित्र) एकदा बघतो की लेव्हल संपली काय. सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे दर ०.३५ सेकंदाला एकदा. रनर लोक याला बसचंच उदाहरण देतात आणि ते आपल्याला बरोबर कळतंय. बेळगाव स्टँडवर तुम्ही दहा मिनिटं आधी पोचलात काय आणि पळत पळत शेवटच्या क्षणाला पोचलात काय, निपाणीची गाडी सुटायची तेव्हाच सुटणार, पण एक क्षण उशीर झाला की पुढच्या गाडीपर्यंत बसा. म्हणून लेव्हलमध्ये थोडंसं चुकलं तरी कधी काहीच फरक पडत नाही आणि कधी एका फ्रेमनं पूर्ण ०.३५ सेकंद जातात. फक्त शेवटच्या ८-४ ला ही भानगड नाही, तिथं प्रत्येक फ्रेम मोजली जाते, म्हणून रेकॉर्डच्या रनमध्ये ८-४ आली की बघणाऱ्यांचा श्वास अडकलेला असतोय. २०२१ मध्ये पहिल्यांदा माणसानं हा गेम ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवला. टूल लावून फ्रेम-फ्रेमनं बनवलेला जो आदर्श रन असतो त्याच्यात आणि माणसाच्या रेकॉर्डमध्ये आता अर्ध्या सेकंदाचं पण अंतर नाही. माणसाच्या बोटांनी हे केलंय, ह्याचं मला आजपण नवल वाटतंय.

सामान फार लागत नाही. विंडोजवर लाइव्हस्प्लिट नावाचा फुकट टायमर, गेमचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेळ दाखवतो, हिरवं म्हणजे पुढं, लाल म्हणजे मागं, आणि सोनेरी आलं तर त्या तुकड्यातली तुमची आजवरची सगळ्यात भारी वेळ. रेकॉर्डिंगला ओबीएस, ते पण फुकट. आणि इथं आपल्याकडच्या माणसासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, ओबीएसमध्ये फाईल एमकेव्हीमध्येच सेव्ह करा. पावसाळ्यात खानापूर बाजूला करंट कधी जाईल याचा नेम नसतोय, आणि साध्या एमपी४ चं रेकॉर्डिंग मधेच बंद पडलं तर अख्खी फाईल उघडत नाही, एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतंय. नंतर ओबीएसच्याच फाईल मेनूतनं एमपी४ करून घ्यायची. मोबाईलच्या नेटवर अपलोड करायचं असेल तर ७२० पी बास होतंय, नियमात वेगळं काही नसेल तर.

कीबोर्ड तपासून घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबली की तिसरं लागतच नाही, आणि तिरका डॅश मारताना दोन दिशांची आणि एक डॅशचं अशी नेमकी तीनच लागतात. लोक आठवडाभर स्वतःच्या बोटांना शिव्या घालत बसतात आणि दोष असतो कीबोर्डचा. ऑनलाईन की-टेस्टर उघडून दोन मिनिटांत कळतंय. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतोय.

सराव करताना रोज पूर्ण रन मारत बसू नका. एमुलेटरमध्ये सेव्ह स्टेट असतंय, अडचणीच्या जागेच्या जरा आधी सेव्ह करायचं आणि तेवढीच जागा घोटायची, लागोपाठ काही वेळा जमली की मगच पुढं. सरावात चालतंय, खऱ्या रनमध्ये सेव्ह स्टेट चालत नाही. रनच्या मधे चुकलं की रिसेट मारायची सवय पण लगेच लावून घेऊ नका, पहिले काही रन कितीही घाण झाले तरी शेवटपर्यंत न्या, नाहीतर पहिली लेव्हल तोंडपाठ आणि शेवटची कधी बघितलेलीच नाही असं होतंय. मनगट दुखायला लागलं तर थांबा, त्या दिवसापुरतं बास.

अवघड ग्लिच शिकायचा म्हणजे आधी त्याचं कारण वाचायचं, मग हात चालवायचा. सुपर मारिओ ६४ चा बॅकवर्ड लाँग जंप, म्हणजे मागं जाणारी लांब उडी, घ्या. या गेमात स्टार गोळा करत पुढं जायचं असतंय. लाँग जंप मारली की गेम मारिओचा वेग दीडपट करतो आणि पुढं जाताना तो एका मर्यादेच्या वर जाऊ देत नाही. मागं जायला मात्र मर्यादा टाकायचीच राहून गेली. म्हणून जिन्यावर मागं सरकत पटापट लाँग जंप मारत राहिलं की वेग दीडपट, परत दीडपट, वाढतच जातो, आणि एवढा वाढतो की मारिओ दारातनं, ७० स्टारशिवाय न संपणाऱ्या त्या जिन्यावरनं सरळ पलीकडं. त्यामुळं हा गेम एकही स्टार न घेता संपवता येतो. १९९७ मध्ये जपानात निघालेल्या नव्या आवृत्तीत ते बुजवलं, म्हणून रनर ती आवृत्ती या कामाला घेत नाहीत. हे कारण माहीत असलं की बोटं काय करायला बघतायत ते कळतंय, वेगाचं चिन्ह उणे ठेवायचं आणि जमिनीला पाय लागताक्षणी परत उडी.

रन जमला की लाजू नका, शेवटून दुसरा नंबर आला तरी टाका. पूर्ण व्हिडिओ, न कापलेला, टायमरच्या आधीपासनं शेवटानंतर दोन सेकंदांपर्यंत, आवाज चालू ठेवून. मॉडरेटर, म्हणजे बोर्ड सांभाळणारी माणसं, बघतात, ते पण बिनपगारी, वेळ लागला तर रोज मेसेज टाकून त्यांच्या मागं लागू नका. नाकारला तर कारण लिहिलेलं असतंय, ते सुधारून परत टाकायचा. एवढी कडक तपासणी कशाला असं वाटेल तर ड्रॅगस्टरचं बघा. १९८० चा, अटारीच्या मशीनवरचा गेम, त्यात ५.५१ सेकंदांचा रेकॉर्ड १९८२ पासनं मानला जायचा, पुढं कुणीतरी गेमचा कोड उकलून दाखवलं की ५.५७ च्या खाली जाताच येत नाही, आणि २०१८ च्या जानेवारीत तो रेकॉर्ड काढून टाकला. ज्या अभ्यासानं ग्लिच सापडतात त्याच अभ्यासानं खोटं पण पकडलं जातंय.

एकट्यानं किती दिवस करणार, जोडीला कुणीतरी धरा. अमेरिकेत २०१० पासनं गेम्स डन क्विक म्हणून मॅरेथॉन भरते, जानेवारीत आणि उन्हाळ्यात, आठवडाभर रात्रंदिवस रन आणि त्यातनं कॅन्सरच्या कामाला, डॉक्टरांच्या मदतकार्याला देणग्या. सगळे रन यूट्यूबवर आहेत, बाजूला सोफ्यावर बसून ग्लिच समजावून सांगणारे असतात, शिकायला एकदम चांगलं. तसंच छोट्या मापात आपल्याकडं का होऊ नये? गणपतीत अकरा दिवस मंडपात जागरण असतंयच, आरती झाल्यावर एक टीव्ही, दोन लॅपटॉप, सेलेस्ट क्लासिक, दोघांनी एकदम सुरू करायचं. एक जण खेळणाऱ्यांच्या मागं उभा राहून मराठीत बोलणारा पाहिजे, गल्लीत कन्नड बोलणारे दोस्त असतील तर कन्नडमध्ये पण, आणि त्यानं ग्लिच यायच्या आधीच सांगायचं की आता बघा, इथं हा भिंतीला चिकटणार, का चिकटणार ते असं असं. नंतर सांगून उपयोग नाही, तोवर दोन स्क्रीन पुढं गेलेले असतात. म्हाताऱ्या माणसांनी "काय करालास रे हे?" विचारलं तर त्यांनाही मायनस वर्ल्डपासनंच सुरुवात करून सांगा, छत्तीसचा घोळ त्यांना बरोबर कळतोय.