गोल्फचा नवीन आयर्न सेट ट्राय करताय? मग या चुका टाळा

गेली कित्येक वर्षं मी लोकांना गोल्फच्या सरावाच्या रेंजवर डेमो आयर्न (धातूच्या हेडचे, नंबर घातलेले क्लब) मारताना बघतोय आणि दर वेळी तेच ते बघून जीव तुटतो. माणूस येतो, सात नंबर उचलतो, पंधरा-वीस बॉल मारतो, त्यातला एखादा खणखणीत बसतो, स्क्रीनवर जुन्या क्लबपेक्षा १५ यार्ड जास्त दिसतात आणि तिथल्या तिथे अख्खा सेट ठरतो. अहो, आयर्न म्हणजे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) नाही, लांब गेला की काम झालं असं नसतं. आयर्नने बॉल ठरलेल्या अंतरावर न्यायचा आणि तिथे थांबवायचा, तेही दहातून सात-आठ वेळा. ट्रायलमध्ये तेवढंच तपासायचं असतं आणि नेमकं तेच कोणी तपासत नाही.

सात नंबरची सात नंबरशी तुलना

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितोय.

क्लबच्या तळाशी जो आकडा कोरलेला असतो त्याला कुठलाच नियम नाही. सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणाऱ्या फेसचा मागे झुकलेला कोन (तो जितका कमी तितका बॉल लांब आणि खालून जातो), किती असावा हे गोल्फचे नियम सांगत नाहीत, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पूर्वी तर आकडेही नव्हते, मॅशी, निब्लिक अशी नावं असायची, आजच्या सात नंबरच्या जागी मॅशी-निब्लिक होता. नंतर आकडे आले आणि लोकांना वाटायला लागलं की आकडा म्हणजे माप. साध्या, पातळ हेडच्या ब्लेड सेटमध्ये सात नंबर आजही ३४ डिग्रीच्या आसपास मिळतो, आणि नवख्यांसाठी म्हणून जे जाड, मोठ्या हेडचे सेट विकतात त्यात तोच सात नंबर २८-२९ डिग्रीचा असतो, काहींत त्याच्याही खाली. म्हणजे तुमच्या जुन्या सहाच्याही पुढचा क्लब तुमच्या हातात सात म्हणून दिलाय. मग तो १५ यार्ड लांब जाणारच, त्यात नवल काय?

मी स्वतः यात पोळलोय. माझा जुना सात ३४ डिग्रीचा, कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर) १४० यार्ड. नवीन सेटचा सात २८.५ डिग्रीचा, पहिल्याच दिवशी १५५. मी खूश, सेट घेतला. पुढच्याच राउंडला कळलं की १०८ यार्डांवर उभा आहे आणि मारायला बॅगेत क्लबच नाही. जुना पिचिंग वेज (नऊ नंबरच्या खालचा, जवळच्या शॉटचा क्लब) ४७ डिग्रीचा होता, तो बरोबर १०७ जायचा, त्याच्याखाली ५२ चा वेज ९५ यार्डांना. नव्या सेटचा पिचिंग वेज ४३ डिग्रीचा, तो जातो १२०. खाली पुन्हा तोच ५२, पुन्हा तेच ९५. मधले २५ यार्ड गायब, आणि आपल्यासारख्या खेळाडूचे ग्रीनवर मारायचे निम्मे शॉट त्याच पट्ट्यात पडतात! त्या दिवशी मी पिचिंग वेज अर्ध्या हाताने मारत बसलो, कधी बॉल ग्रीनच्या पलीकडे, कधी पुढच्या बंकरमध्ये. मग ४८ चा वेज घेतला. तेव्हा दुसऱ्या टोकाची गंमत कळली, नव्या सेटचा चार नंबर इतका कमी लॉफ्टचा की माझ्या स्विंगच्या वेगाने तो हवेत उचललाच जायचा नाही, पाच नंबरसुद्धा माझा दिवस चांगला असेल तरच. चार काढून हायब्रिड (बॉल सहज उचलणारा, आयर्न आणि वुडच्या मधला क्लब) घेतला. बॅगेत १४ क्लबच चालतात, हा नियम १९३८ मध्ये अमेरिकेत आणि १९३९ मध्ये आर अँड ए ने (अमेरिकेबाहेर गोल्फचे नियम ठरवणारी संस्था) लावला तेव्हापासून कोणाला सुटका नाही, त्यामुळे खाली एक घेतला की वरचा एक जातो. एवढी उलथापालथ करून मला जास्तीचं अंतर किती मिळालं? शून्य. जो शॉट मी आधी सहा नंबरने मारायचो तोच सात लिहिलेल्या क्लबने मारत होतो. त्यात १५५ यार्डांच्या पार ३ होलवर (जिथे पहिल्याच शॉटने ग्रीन गाठायचं असतं) बॉल ग्रीनवर पडायचा आणि घरंगळत मागे उतरायचा. दोन सीझन हे सहन केलं, मग ज्यात सात नंबर ३१ डिग्रीचा आहे असा सेट घेतला.

तेव्हापासून माझी सवय अशी, ट्रायलला बसायच्या आधी माझ्या जुन्या सेटचे सगळे लॉफ्ट एका कागदावर लिहून नेतो आणि नव्याचेही मागून घेतो. मग आकड्याकडे न बघता लॉफ्टशी लॉफ्ट लावतो, म्हणजे नवा आठ माझ्या जुन्या सातसमोर. कॅरी तर बघतोच, पण त्याहून जास्त बघतो ते बॉल किती उंच गेला आणि कुठल्या कोनात खाली उतरला. लाँच मॉनिटरवर (शॉट मोजून स्क्रीनवर दाखवणारं मशीन) डिसेंट अँगल म्हणून आकडा असतो, तो सात नंबरला ४५ डिग्रीच्या वर असला तर बॉल ग्रीनवर थांबायची आशा, चाळिशीच्या आसपास रेंगाळत असेल तर बॉल पळणार. तुलनेसाठी सांगतो, पीजीए टूरवाल्यांची (अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू) सात नंबरची सरासरी ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटरच्या कंपनीने दिलीय ती बघा, कॅरी १७० यार्डांच्या थोडा वर, स्पिन मिनिटाला ७००० फेऱ्यांच्या आसपास, उतरायचा कोन ५० डिग्री. तेवढा वेग तुमच्या-माझ्यात नाही हे मान्य, पण उतरायचा कोन त्यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त लागतो कारण आपला स्पिन कमी पडतो.

कमी लॉफ्टचे सेट वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. वजन खाली आणि मागे नेऊन बनवलेलं हेड कमी लॉफ्ट असूनही बॉल चांगला उचलतं, आणि ज्याचा स्विंग हळू आहे त्याला त्याचा खरा फायदा होतो. फक्त तो फायदा उंचीत दिसला पाहिजे. नुसत्या यार्डांत दिसत असेल तर तो आकड्याचा खेळ आहे.

आणि फक्त सात मारून सेट घेऊ नका. पाच मागा, पिचिंग वेज मागा. दुकानात फक्त सातच असेल तर दुसरीकडे जा किंवा थांबा. "थांबा" म्हटलं की नवीन लोकांचा चेहरा पडतो, पण हा सेट सात-आठ वर्षं वापरायचाय, एक आठवडा थांबल्याने काय बिघडतं?

सगळी ट्रायल मॅटवर

मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या इंचभर मागे पडला तर गवतावर तो मातीत रुततो आणि बॉल निम्म्या अंतरावर जाऊन पडतो. मॅटवर तोच क्लब घसरत पुढे येतो आणि बॉलला बऱ्यापैकी नीट लागतो, तुम्हाला वाटतं शॉट मस्त बसला. स्क्रीनवरही आकडा फारसा पडलेला दिसत नाही.

माझा एक मित्र, वर्षभर खेळून झालेलं, उत्साह भरपूर आणि धीर कमी. त्याला पातळ तळाचा फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या हेडचा) सेट दिसायला फार आवडला (दिसतोच सुंदर, त्यात वाद नाही). इनडोअर बेमध्ये मॅटवर अर्धा तास मारला, सगळे शॉट गोड, मी म्हटलं एकदा गवतावर मारून बघ, तो म्हणाला आकडे समोर दिसतायत की. घेतला. पहिल्या तीन राउंडमध्ये जवळजवळ प्रत्येक दुसरा शॉट फॅट, म्हणजे क्लब बॉलच्या आधी जमिनीत. त्याने दोष स्विंगला दिला, यूट्यूबवर बघून बॉलची जागा बदलली, मग ग्रिप बदलली, मग वजन पुढच्या पायावर ढकलायला लागला आणि दोन महिन्यांत त्याचे जुन्या सेटने बसणारे शॉटही गेले. शेवटी मी त्याला त्याचा जुना सेट घेऊन गवतावर यायला सांगितलं. क्लब तो पूर्वीपासूनच थोडा मागे पाडत होता, जुन्या सेटचा तळ रुंद होता म्हणून तो घसरून निभावून न्यायचा. नवा पातळ तळ, पुढची कड धारदार, तो सरळ जमिनीत जायचा. हे पहिल्याच दिवशी गवतावर पाच बॉलांत कळलं असतं. दोन महिन्यांचा खेळ वाया गेला याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मी तेव्हा नीट अडवलं नाही.

त्यामुळे डेमो क्लब बाहेर न्यायला मिळत असेल तर काहीही करून न्या. मी काय करतो, जमिनीवर चुन्याची किंवा स्प्रेची एक रेघ मारतो, बॉल न ठेवता रेघेवर दहा स्विंग करतो आणि माती कुठून उखडली ते बघतो. रेघेपासून पुढे उखडायला हवी. मग तेच दुसऱ्या सेटने. दोन सेटमध्ये फरक असेल तर तो जमिनीत सरळ दिसतो, त्याला कुठलं मशीन लागत नाही. थोड्या उंच गवतातून पण मारा, कारण तिथे बॉल आणि फेसच्या मध्ये गवत येऊन स्पिन कमी होतो, आणि काही गरम फेसचे क्लब तिथून बॉल अचानक एका नंबरच्या फरकाएवढा लांब उडवतात.

गवत मिळतच नसेल तर निदान मॅटवर बॉलच्या मागे एक हातभर नाही, वीतभर अंतरावर छोटा टॉवेल घडी करून ठेवा. टॉवेलला क्लब लागला की समजायचं. आणि आवाज ऐका, आधी मॅटचा धप्प आणि मग बॉलचा टक असं आलं तर तो शॉट मोजूच नका, स्क्रीन काहीही म्हणू दे.

सगळ्यात चांगला शॉट लक्षात ठेवणं

दहा बॉल मारा, सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात आखूड असे दोन्ही खोडा, उरलेल्या आठांत पुढे-मागे किती फरक आहे ते बघा. ज्या सेटमध्ये हा फरक कमी तो सेट चांगला, सरासरी पाच यार्ड कमी असली तरी. वाईट बसलेले शॉट तर मी मुद्दाम वहीत लिहितो, बॉल फेसच्या टोकाला लागला तर किती कमी गेला वगैरे, कारण कोर्सवर आपले बहुतेक शॉट तसेच असतात.

लाय अँगल न बघणं

लाय अँगल म्हणजे क्लबचा दांडा जमिनीशी करतो तो कोन. याकडे लोक ढुंकूनही बघत नाहीत. क्लब जमिनीवर टेकताना टो (हेडचं बाहेरचं टोक) वर राहिली तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे जातो, हील (दांड्याकडची बाजू) वर राहिली तर उजवीकडे, आणि जितका जास्त लॉफ्ट तितका हा परिणाम मोठा, म्हणजे वेजमध्ये सगळ्यात जास्त. माणूस वर्षानुवर्षं स्वतःचा स्विंग दुरुस्त करत बसतो आणि चूक लोखंडात असते. तपासणं एकदम सोपं आहे. बॉलवर व्हाइटबोर्डच्या मार्करने जाड उभी रेघ काढा, रेघ फेसकडे करून बॉल ठेवा, मारा. फेसवर रेघेचा ठसा उमटतो. ठसा सरळ उभा आला तर लाय ठीक, तिरका आला तर बदलून घ्यायला लागणार. फोर्ज्ड हेड सहज वाकतं, कास्ट (साच्यात ओतलेल्या) हेडला मर्यादा असते, म्हणून हे घेण्याच्या आधी विचारायचं.

आता बाकीच्या पटापट.

शाफ्टवर (क्लबच्या दांड्यावर) एस लिहिलंय म्हणून तो स्टिफ, म्हणजे कडक, समजू नका, फ्लेक्सचं (दांडा किती वाकतो त्याचं) कुठलंही एकसारखं माप नाही, एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका निघतो. वजन विचारा, ९५ ग्रॅमचं स्टील आणि १३० ग्रॅमचं स्टील यात अठराव्या होलपर्यंत हात सगळं सांगतात.

रेंजच्या झिजलेल्या बॉलवर अंतराचा निर्णय नको. आपले नेहमीचे सहा बॉल खिशात घेऊन जा.

इम्पॅक्टचं स्टिकर (बॉल फेसवर कुठे लागला ते दाखवणारं) लावून स्पिन मोजू नका, स्टिकरने घर्षण बदलतं. आधी स्टिकर लावून जागा बघा, मग काढून आकडे बघा. नव्या कोऱ्या डेमोच्या फेसवर पातळ प्लास्टिक असतं तेही काढा, ते तसंच ठेवून स्पिन कमी आहे म्हणणारे मी पाहिलेत.

थंड अंगाने मारायला सुरुवात करू नका, आणि ८० बॉल झाल्यावर पाचवा सेट हातात घेऊ नका. तोपर्यंत तुम्ही थकलेले असता आणि हलका सेट आपोआप चांगला वाटायला लागतो. माझ्या मते एका दिवशी तीन सेट पुष्कळ झाले, आणि तेही आलटून-पालटून, पाच बॉल याचे, पाच त्याचे, मधूनमधून स्वतःचा जुना. एकाच सेटने सलग तीस बॉल मारले तर तुमचा स्विंग त्या सेटला जुळवून घेतो आणि मग कुठलाही क्लब बराच वाटतो.

सेट ठरला, आला, तरी एक काम उरतंच. कारखान्यातून आलेल्या क्लबमध्ये डिग्रीभर इकडे-तिकडे असू शकतं, म्हणून सगळे लॉफ्ट आणि लाय मशीनवर मोजून घ्या. माझ्या आत्ताच्या सेटमध्ये आठ आणि नऊमध्ये साडेचार डिग्रीचा फरक असायला हवा होता, निघाला तीनचा, आणि मी आठवडाभर डोकं खाजवत होतो की हे दोन क्लब सारखेच का जातायत. नऊ वाकवून घेतला, दहा मिनिटांचं काम होतं.