बाख कसा ऐकावा: एका तारेपासून दोन गायकवृंदांपर्यंत

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख ऐकायला मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली. ‘त्याचं सगळ्यात मोठं काम कोणतं?’ असं एकाला विचारलं, त्याने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सांगितलं, आणि येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा गाणारी पावणेतीन तासांची ती रचना एका संध्याकाळी लावून बसलो. चाळिसाव्या मिनिटाला डोळा लागला.

दोष रचनेचा नव्हता. आपला कान एका सुरावटीच्या मागे जायला तयार झालेला असतो. गायक पुढे, तानपुरा मागे, तबला ठेका धरतो, पेटी गळ्याच्या मागोमाग येते. बाखकडे मात्र दोन, तीन, चार सुरावटी एकाच वेळी चालतात आणि त्यातली कुणीच कुणाची साथ करत नसते. असं संगीत एकदम अंगावर घेतलं की नुसता गलका ऐकू येतो. म्हणून मी कुणालाही सांगतो: एका सुरावटीपासून सुरू करा, मग दोन, मग तीन, आणि माणसांच्या आवाजांकडे सगळ्यात शेवटी या.

आधी थोडी तयारी

बाखच्या रचनांना बीडब्ल्यूव्ही क्रमांक असतात. वोल्फगांग श्मीडर यांनी ही सूची १९५० मध्ये केली. क्रमांक काळाप्रमाणे नाहीत, प्रकाराप्रमाणे आहेत: आधी गायनाच्या रचना, मग ऑर्गन, मग कळफलकाची इतर वाद्यं, असं पुढे. त्यामुळे क्रमांक मोठा म्हणजे रचना उशिराची, असं समजू नका. शोधताना मात्र नाव आणि क्रमांक दोन्ही टाका, नाहीतर ‘झोपेसाठी बाख’ छापाच्या याद्या समोर येतात.

ॲपमधलं शफल बंद करा. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारी क्रॉसफेडची सोयही बंद करा. आणि हेडफोन लावा, कारण फोनच्या स्पीकरवर खालचा सूर जवळजवळ गायब होतो आणि बाख तर खालूनच उभा राहतो. पैसे खर्च करायचे नसतील तर नेदरलँड्स बाख सोसायटीचे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत. कोणतं वाद्य कधी येतं ते त्यात डोळ्यांना दिसतं, नवख्याला याचा फार उपयोग होतो.

पहिली पायरी: एकच चेलो

चेलो सुइट क्रमांक १, बीडब्ल्यूव्ही १००७. चेलो म्हणजे खालच्या सुरांचं मोठं व्हायोलिन, आणि सुइट म्हणजे नाचाच्या चालींवरच्या तुकड्यांची माळ. यातला पहिला तुकडा, प्रिल्यूड, जेमतेम अडीच मिनिटांचा आहे. तो आपल्या भाषेत असा सुरू होतो: खालचा सा, प, वरचा ग, रे, ग, प, ग, प. पहिले चार माप (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) खालचा सा हलत नाही, वरचे सूर तेवढे बदलतात. खर्ज कानात मुरलेल्या माणसाला इथे अनोळखी वाटण्यासारखं काही नाही. पाचव्या मापात तो खर्ज सुटतो, तिथे लक्ष ठेवा. एकच वाद्य आहे, तरी एक जण खाली आणि एक जण वर असल्याचा भास व्हायला लागतो. तो भास झाला की पहिली पायरी जमली.

या सहा सुइट बहुधा १७२० च्या आसपास क्योथेनमध्ये लिहिल्या गेल्या. तिथला राजपुत्र लिओपोल्ड संगीताचा शौकीन होता, पण दरबार कॅल्विनपंथी असल्याने चर्चसाठी भारी संगीत लागत नसे. त्यामुळे बाखची वाद्यसंगीताची बरीचशी नामांकित कामं याच सहा वर्षांच्या आगेमागे झाली. त्याआधी वायमारमध्ये नोकरी सोडण्याची परवानगी फार हट्टाने मागितली म्हणून ड्यूकने त्याला १७१७ मध्ये जवळजवळ चार आठवडे कैदेत ठेवलं होतं. राजीनामा मंजूर न होण्याचं दुःख तसं जुनंच.

चेलो सुइटचं बाखच्या हातचं हस्तलिखित उरलेलं नाही. दुसरी बायको आना माग्डालेना हिने केलेली नक्कल आहे, तिच्यावर आपण विसंबतो. पुढे दीडेकशे वर्षं या रचना म्हणजे सरावाचे धडे, एवढीच त्यांची किंमत होती. तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला बार्सिलोनातल्या एका दुकानात त्यांची छापील प्रत सापडली. तो वर्षानुवर्षं त्या वाजवत राहिला आणि १९३६ ते १९३९ मध्ये त्याने सगळ्या सहा ध्वनिमुद्रित केल्या. ते मुद्रण खरखरीत आहे, पण एकदा तरी ऐकाच. रोजच्या ऐकण्यासाठी पिएर फूर्निए (१९६०) घ्या. त्यानंतर जुन्या पद्धतीच्या चेलोवर वाजवलेलं आनर बिल्स्मा यांचं १९७९ चं मुद्रण लावा. अशी जुन्या वाद्यांवरची मुद्रणं बहुधा अर्धा सूर खाली लावलेली असतात: पांढरी पाचची रचना काळी तीनमध्ये ऐकू येते. तुमचा कान बिघडलेला नाही.

या पायरीवर आठवडाभर रेंगाळा. रोज एकच तुकडा ऐका.

दुसरी पायरी: दोन हात, दोन माणसं

इन्व्हेन्शन क्रमांक १, बीडब्ल्यूव्ही ७७२. इन्व्हेन्शन म्हणजे कळफलकासाठीची दोन आवाजांची छोटी रचना. घरात पेटी असेल तर उघडा आणि पांढरी एकचा सा धरून वाजवा: सा रे ग म रे ग सा प. हा आपला पलटाच! बाखची रचना याच सुरांनी सुरू होते. उजव्या हाताने तो म्हटला की दोन मात्रांनी डावा हात तोच पलटा खालच्या सप्तकात म्हणतो, आणि तेवढ्यात उजवा पुढे निघून गेलेला असतो.

ऐकण्याची रीत अशी. पहिल्यांदा फक्त वरचा हात ऐका. दुसऱ्यांदा फक्त खालचा. हे अवघड जाईल, कान सारखा वर पळेल. पळाला की त्याला परत खाली आणा. तिसऱ्यांदा काहीच ठरवू नका. रचना दीड मिनिटाच्या आतबाहेरची आहे, तीनदा ऐकायला चहा उकळतो तेवढाच वेळ लागतो.

थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान नऊ वर्षांचा असताना, १७२० मध्ये, बाखने त्याच्यासाठी एक वही सुरू केली. इन्व्हेन्शन आधी त्या वहीत आल्या आणि १७२३ मध्ये त्यांची स्वच्छ प्रत तयार झाली. आधी दोन आवाज नीट वाजवायला शिकावं, मग तीन, आणि वाजवणं गाण्यासारखं व्हावं, असा उद्देश त्याने स्वतःच पहिल्या पानावर लिहिला आहे. म्हणजे आपण ज्या क्रमाने चाललो आहोत तो त्याच्याच घरातला आहे.

जाता जाता: कीबोर्डच्या क्लासमध्ये ‘बाखचा मिन्युएट’ म्हणून जी सोपी चीज सगळ्यांना शिकवतात, ती बाखची नाही. आना माग्डालेनाच्या वहीत ती उतरवलेली आहे खरी, पण रचना ख्रिस्टियान पेट्झोल्ड यांची.

तिसरी पायरी: फ्यूग

नावाला घाबरू नका. एक आवाज एकटाच एक वाक्य म्हणतो. मग दुसरा तेच वाक्य पंचमावरून म्हणतो आणि पहिला त्याच्यासोबत दुसरं काहीतरी बोलत राहतो. मग तिसरा येतो. ‘पंचमावरून’ म्हणजे काय हे पाश्चात्त्य श्रोत्याला समजवायला परिच्छेद लागतात, आपल्याला शब्द पुरतो.

वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर या प्रिल्यूड-फ्यूगच्या जोड्यांच्या संग्रहाच्या पहिल्या भागातला दुसरा फ्यूग घ्या, बीडब्ल्यूव्ही ८४७. आधी प्रिल्यूड असतो, तो संपू द्या. फ्यूगमध्ये मधला आवाज आधी येतो, मग वरचा, मग सगळ्यात खालचा. प्रत्येक वेळी वाक्य परत आलं की बोट मोडा. पहिल्या दिवशी तुम्हाला तीन-चार सापडतील. चौथ्या दिवशी किती सापडले ते पाहा.

इथे जास्त थांबा: गोल्डबर्ग व्हेरिएशन्स

बीडब्ल्यूव्ही ९८८, १७४१ मध्ये छापलेली. एक शांत आरिया (मूळ तुकडा), तिच्यावर ३० व्हेरिएशन्स (तिची बदलती रूपं), शेवटी पुन्हा तीच आरिया. बहुतेक लोक इथे फसतात, कारण आरियाची गोड सुरावट लक्षात ठेवून ते तीस वेळा तिला शोधत बसतात. ती सापडत नाही. सुरावट कायम नाहीच, कायम आहे तो खालच्या सुरांचा सांगाडा. डाव्या हाताने आरियाच्या पहिल्या आठ मापांत येणारे मुख्य सूर असे: वरचा सा, नि, ध, प, मग ग, म, प, सा.

तबल्याचा सोलो आठवा. पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा फिरत राहतो आणि तबलजी त्यावर पेशकार, कायदे, रेले मांडतो. गोल्डबर्गमध्ये खालचे सूर हा लेहरा आहे. फरक एवढाच की बाखचा लेहरा कधी कधी लपतो, सजतो, कोमल सुरांत जातो.

आरिया लावा आणि वरचे आठ सूर गुणगुणत ऐका. जमेपर्यंत पुढे जाऊ नका. मग पहिलं व्हेरिएशन. त्यानंतर दर तिसऱ्याकडे लक्ष द्या: ३, ६, ९ असं २७ पर्यंत प्रत्येक तिसरं व्हेरिएशन कॅनन आहे, म्हणजे एक आवाज पुढे आणि दुसरा त्याचीच सुरावट घेऊन मागे. तिसऱ्यात मागचा त्याच सुरावरून निघतो, सहाव्यात एक पायरी वरून, नवव्यात आणखी एका पायरीचं अंतर पडतं. हिशेब असा चोख आहे, पण ऐकताना हिशेब जाणवत नाही. पंचविसावं रात्री ऐका. वांडा लांडोव्स्का त्याला काळा मोती म्हणत. आणि तिसाव्यात बाख चक्क लोकगीतांचे तुकडे एकमेकांत गुंफतो. त्यातल्या एकात कोबी आणि सलगमने पळवून लावल्याची तक्रार आहे.

मुद्रणं तीन ऐका. लांडोव्स्का यांचं हार्पसिकॉर्डवरचं (पियानोच्या आधीचं कळफलकाचं वाद्य), १९३३ चं. मग ग्लेन गूल्डचं १९५५ चं, पियानोवर, अडतीस-एकोणचाळीस मिनिटांचं, सुसाट. मग त्याच गूल्डचं १९८१ चं, सुमारे एक्कावन्न मिनिटांचं. मधल्या सव्वीस वर्षांत हाच माणूस आरिया किती सावकाश वाजवायला लागला ते ऐका. दुसरं मुद्रण झाल्यावर पुढच्याच वर्षी तो गेला. मागे कुणीतरी गुणगुणतंय असं वाटेल. तो गूल्डच आहे. माझं मत विचाराल तर आधी १९८१, कारण त्यात खालचे सूर जास्त स्वच्छ कळतात. १९५५ चं ऐकून माणूस बाखपेक्षा बोटांच्याच प्रेमात पडतो.

चौथी पायरी: माणसांचे आवाज

थेट पॅशनकडे जाऊ नका, कॉफीकडून जा. कॅन्टाटा म्हणजे गायक आणि वाद्यं यांची अनेक तुकड्यांची रचना. कॉफी कॅन्टाटा, बीडब्ल्यूव्ही २११, अर्ध्या तासाच्या आतली गंमत आहे. बाप मुलीला कॉफी सोड म्हणतो, मुलगी ऐकत नाही. लाइपझिगमध्ये बाख जो वादकसंघ चालवत असे, त्याचे कार्यक्रम त्सिमरमान यांच्या कॉफीगृहात होत. एमा कर्कबी यांनी गायलेलं मुद्रण घ्या आणि शब्दांचं इंग्रजी भाषांतर समोर ठेवा.

लाइपझिगमध्ये चर्चच्या संगीताच्या नोकरीवर बाख १७२३ मध्ये आला तो तिसरी पसंती म्हणून: टेलेमान आणि ग्राउप्नर हे संगीतकार मिळाले नाहीत, तेव्हा हा. सुरुवातीची काही वर्षं जवळजवळ दर रविवारी नवी कॅन्टाटा, वर सेंट थॉमस शाळेतल्या मुलांची शिकवणी. आज दोनशेच्या आसपास कॅन्टाटा उरल्या आहेत. हार्नोनकोर्ट आणि लिओनहार्ट यांनी १९७१ पासून त्या सगळ्या जुन्या वाद्यांवर आणि बऱ्याच ठिकाणी मुलग्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. जपानमध्ये मासाकी सुझुकी यांनी हे काम १९९५ ते २०१३ मध्ये, ५५ खंडांत पुरं केलं. तुम्ही बीडब्ल्यूव्ही ८२ आणि १४० या दोनच घ्या.

आता मॅथ्यू पॅशन, बीडब्ल्यूव्ही २४४. पहिले काही दिवस फक्त सुरुवातीचं समूहगान. पहिला वृंद म्हणतो ‘पाहा!’, दुसरा विचारतो ‘कुणाला?’, आणि या सगळ्यावरून मुलांचे आवाज संथ भजनासारखी वेगळीच सुरावट घेऊन येतात. ऑटो क्लेम्पेरर यांच्या १९६१ च्या मुद्रणात हे बारा मिनिटांच्या आसपास चालतं, जॉन एलियट गार्डिनर यांच्या १९८० च्या दशकातल्या मुद्रणात सात मिनिटांत. दोन्ही एकाच दिवशी ऐका. एकीकडे शोकयात्रा, दुसरीकडे गर्दीची घाई. मला क्लेम्पेरर लागतो, पण पूर्ण रचना ऐकायला बसतो तेव्हा गार्डिनरच लावतो. पूर्ण ऐकताना दोन भाग दोन दिवशी ऐका. बाखच्या चर्चमध्येसुद्धा मध्ये प्रवचनाची विश्रांती असे.

बाख १७५० मध्ये गेला. पॅशन हळूहळू विस्मरणात गेली आणि १८२९ मध्ये वीस वर्षांच्या संगीतकार मेंडेल्सझोनने ती बर्लिनमध्ये पुन्हा उभी केली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली, तिच्यात बाखचे तीन तुकडे आहेत. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. एकच आवाज, एकच सुरावट. बाखचे फ्यूग ऐकून झाले की ती भैरवीही पुन्हा लावा, वेगळी ऐकू येईल.

शेवटी, जमलं तर

‘आर्ट ऑफ फ्यूग’, बीडब्ल्यूव्ही १०८०. यातला शेवटचा फ्यूग अपुरा आहे. त्यात तिसरं वाक्य येतं ते बाखच्या नावाचं: जर्मन पद्धतीत बी, ए, सी, एच ही सुरांची नावं आहेत. पेटीवर काळी पाच, पांढरी सहा, वरची पांढरी एक, पांढरी सात दाबा, नाव वाजतं. हे नाव गुंफलं जात असतानाच रचनाकार गेला, अशी टीप मुलाने, कार्ल फिलिप एमान्युएलने, हस्तलिखितावर लिहून ठेवली. अक्षरावरून आजचे अभ्यासक ते पान मृत्यूच्या थोडं आधीचं मानतात.

काही वादक हा फ्यूग स्वतः पुरा करतात. गूल्डसारखे करत नाहीत; तीन वाक्यं एकत्र येतात, काही मापं जातात, आणि मध्येच आवाज थांबतो. नेटवर्क गेलं असं वाटून फोन उचलू नका.